मानेतली टिचकी

सावदा, १ मे
आखाजीचा दुसरा दिवस

झोका काल संध्याकाळपर्यंत रिकामा लटकत होता आणि गल्लीतली प्रत्येक बाई येता-जाता त्याला धक्का देऊन विचारत होती, मोहिनी नाही आली का? सगळ्यांच्या लेकी आल्या. भिकुबाईची सुरतेहून आली, दोन लेकरं घेऊन, बसमध्ये उभ्यानं. धुळं काय सुरतेच्या पलीकडं आहे? बरं, यायचं नव्हतं तर आधी सांगायचं. मी रस काढला, खापरावर मांडे केले, भाजून हात लाल झाले, आणि तू नानांच्या फोनवर कळवतेस, "जमणार नाही." वर आई नाही, खाली मोहिनी नाही. वीज बिलसुद्धा यापेक्षा जास्त बोलतं. तुझे नाना तो फोन धरून अंगणात उभे. मला सांगायची हिंमत नाही. शेवटी मीच हिसकून वाचला.

माझा नंबर तू बंद करून टाकलास. कितीही वेळा लावला तरी ती मशीनवाली बाई बोलते, तू नाही. म्हणून हा कागद. पत्रावर आधी चि. सौ. मोहिनीस आशीर्वाद लिहायचे असतात, तेवढं चौथीपर्यंत शिकलेल्या बाईलाही माहीत आहे. आशीर्वाद शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर.

गेल्या आषाढातलं तू धरून बसली आहेस. मीही धरून बसले आहे. मी तुला फोन केला होता, साधं विचारायला, की पाऊस आहे का तिकडं. बोलता बोलता माझा आवाज जाड झाला, ओढल्यासारखा. तुला वाटलं, आईनं परत तसंच काही केलं. तू तिथून गल्लीभर फोन लावलेस, नाना बागेतून चिखलाच्या पायांनी धावत आले, आणि दोन-तीन तासांत तू स्वतः गाडी करून दारात. पायात दोन वेगवेगळ्या चपला. मी ओट्यावर डाळ निवडत होते. नाना म्हणाले, घसा बसलाय तिचा. तू माझ्याकडं बघितलंस, नानांकडं बघितलंस आणि म्हणालीस, "आता तुम्ही दोघं मेलात तरी मला कळवू नका." पाणीही न पिता गेलीस.

तुला खोटं वाटलं ते बरोबरच वाटलं. घसा बसला नव्हता. माझ्या छातीत, डावीकडच्या हाडाखाली, एक मशीन बसवलं आहे. चपटं, काडेपेटीएवढं. त्याची तार आतून मानेत गेली आहे. ते चालू झालं की आवाज जातो. तेव्हा ते नुकतंच चालू केलेलं होतं. नानांना मी शपथ घातली होती, म्हणून ते खोटं बोलले. त्यांना खोटं बोलताही येत नाही, ते तुला माहीत आहेच.

शिव्या द्यायच्या तर मला दे. पण लिहून दे.

तुझी आई,
इंदिरा

(आशीर्वाद राहिले. राग उतरला नाही.)


सावदा, १९ मे

पोस्टमन मगनला मी रोज दारात गाठते. आता तो सायकल गल्लीच्या मागून नेतो. काल त्याला पिठाच्या गिरणीजवळ पकडला. म्हणतो, "मावशी, पत्र तुमच्या लेकीनं लिहिलं नाही, त्यात माझी काय चूक?" त्याची काही चूक नाही. तुझी आहे. आईच्या छातीत मशीन बसवलं आहे हे वाचूनही माणूस गप्प बसतं? कसलं मशीन, कोणी बसवलं, दुखतं का, काहीच विचारायचं नाही?

नाही विचारलंस तरी सांगते.

पाच वर्षं तू माझ्यासोबत जळगावला फिरलीस. पिंप्राळ्याला हेमामावशीकडं मुक्काम, सकाळी रिक्षानं डॉक्टर चारुलताबाईंकडं. एक गोळी झाली, दुसरी झाली, तिसरी-चौथी झाली. मग शॉक दिले. शॉकांनी दोन महिने मी उठून बसले, तर तू गल्लीत पेढे वाटलेस. मग परत तेच. अमळनेरचं तुझं कॉलेजचं वर्ष गेलं. परीक्षेच्या दिवशी तू माझ्या उशाशी बसली होतीस, कारण त्याच्या आदल्या महिन्यात तू न्हाणीघराचं दार तोडून मला बाहेर काढलं होतंस. ते मी विसरले असं समजू नकोस.

लोकांना वाटायचं, मला दुःख आहे. कोणी म्हणायचं इंदिरा आळसावली, सुख जास्त झालं. दुःख असतं तर मी रडले असते. मला काहीच नव्हतं. भाजी करपलेली नाकाला कळायची, हाताला कळायची नाही. तू समोर रडायचीस, तर मला एवढंच वाटायचं की ही कधी थांबेल आणि मी परत भिंतीकडं तोंड करीन.

दर नव्या गोळीला तू आशा धरायचीस, आणि दर वेळी तुझा चेहरा कसा उतरतो ते मी पडल्या पडल्या बघायचे. तुझं लग्न झालं, तू धुळ्याला गेलीस, तेव्हा मला जे थोडंफार बरं वाटू शकत होतं तेवढं वाटलं. सुटली एकदाची, म्हटलं. मग चारुलताबाईंनी या मशीनचं सांगितलं. म्हणाल्या, मानेतून एक नस वर डोक्यात जाते. हे मशीन दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट त्या नसेला टिचकी मारतं. वर्षानुवर्षं, दिवसरात्र. गोळ्या सोडायच्या नाहीत, त्याही चालू. नानांनी विचारलं, किती दिवसांत गुण येईल? त्या म्हणाल्या, वर्ष धरा, कधी दीड वर्ष. आणि सगळ्यांना येतोच असं नाही.

नाना म्हणाले, "बाई, केळी अकरा-बारा महिन्यांत येते."

त्या म्हणाल्या, "मग हे काम केळीपेक्षा हट्टी समजा."

मुंबईला ऑपरेशन झालं. मी नानांना शपथ घातली, मोहिनीला सांगायचं नाही. परत तिला पेढे वाटायला लावायचं नाही. लागू पडलं तर कळेलच. हे मी तुझ्यासाठी केलं. तुला ते पटणार नाही, मला माहीत आहे.

मुंबईहून आलो त्याच आठवड्यात नानांनी केळीची मृगबाग लावली. रोज संध्याकाळी खाटेशी बसून बागेची बातमी सांगायचे. चार पानं आली. मातीची भर लावली. मग विचारायचे, "काही वाटतं का?" मी मान हलवायची, नाही. केळी माझ्या डोक्याएवढी झाली, नाही. केळी निसवायला लागली, घड बाहेर पडले, तरी नाही. आवाज मात्र जायचा, पाणी पिताना खोकला यायचा. म्हटलं, चांगलं मशीन आहे, उजेड देत नाही आणि आवाज तेवढा घेऊन जातं.

मग माघातली एक सकाळ. नानांनी चहा ठेवला होता. आलं न ठेचता अख्खा बोटभर तुकडा पातेल्यात टाकला. आणि मला राग आला.

तू हसशील. पण सहा वर्षांत मला राग आला नव्हता. मी, इंदिरा, जिच्या आवाजानं गल्लीतली पोरं शाळेत पळायची, तिनं सहा वर्षं कोणाला अरे म्हटलं नव्हतं. मी उठले, पातेलं हातातून ओढलं आणि म्हटलं, "एवढे केस पिकले, आलं ठेचता येत नाही?"

नाना सांडशी हातात धरून रडायला लागले. मी म्हटलं, आता काय झालं?

म्हणाले, "काही नाही. अजून बोल."

म्हणून तुला सांगते, या पत्रात मी तुला शिव्या देते आहे हे वाचून तोंड वाकडं करू नकोस. शिव्या देते आहे म्हणजे बरी आहे.

तुझी आई

(आशीर्वाद अजून नाहीत. आधी उत्तर.)


सावदा, २७ जून

"मॅग्नेट कुठे ठेवतेस?"

एवढंच? दोन पत्रं, बोटं दुखेपर्यंत लिहिली, आणि तेही तू नानांच्याच फोनवर! नानांनी वाचून दाखवलं आणि मला म्हणतात, बघ, उत्तर आलं. याला उत्तर म्हणतात?

पण मग रात्रभर माझ्या डोक्यात एकच. मॅग्नेटचं मी कुठंच लिहिलं नव्हतं. माझ्या पत्रांत काय लिहिलं ते मला पाठ आहे. म्हणजे तू कुठंतरी शोधून वाचलंस. नाहीतर कोणाला तरी विचारलंस. बरं केलंस.

विचारलंच आहेस तर सांगते. मॅग्नेट म्हणजे लोहचुंबक, मनगटाला बांधायचं. ते छातीवर धरलं की टिचकी थांबते, काढलं की परत सुरू. कधी चार लोकांत बोलायचं असेल, घशात फार ओढत असेल, तेवढ्यापुरतं धरायचं. मनगटाला बांधलं तर भांड्यांना चिकटतं, म्हणून मी ते लोखंडी कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवते. तुझे नाना त्यानं फवारणी पंपाचे पडलेले स्क्रू शोधतात. मागच्या आठवड्यात ते चुंबक बागेत घेऊन गेले आणि पाइपावर विसरून आले. मी एवढी ओरडले की मध्येच माझा आवाज गेला, तरी थांबले नाही. घोगऱ्या आवाजातच पुढचं ओरडले. नाना म्हणाले, "अर्धा मिनिट थांब, मग नीट शिव्या दे."

आता दुसरं. हे लिहायचं नव्हतं. पण एकदा लपवून काय झालं ते आपण दोघी बघतोच आहोत.

या महिन्याच्या सुरुवातीला काही दिवस परत तसे गेले. सकाळी उठले आणि परत भिंत. नाना चहा घेऊन आले, त्यात आलंच नव्हतं, आणि मला काही वाटलं नाही. तिथंच मी घाबरले. आधी मला भीतीसुद्धा वाटत नव्हती, यावेळी भीती वाटली. नानांना म्हटलं, जळगावला चला, आजच.

चारुलताबाईंना मी सांगितलं, काढा हे मशीन. वर्ष झालं, केळीचे घड कापले, ट्रकनं दिल्लीला गेले, कोणी खाऊनही टाकले असतील. माझंच काय ते अडलं आहे. मला काय जन्मभर थांबायला वेळ नाही. कोणी एक तारीख सांगत नाही, नुसतं हळूहळू, हळूहळू. टेबलावर हात आपटला मी.

त्या ऐकून घेतात आणि म्हणतात, "इंदिराबाई, गेल्या वर्षी याच खुर्चीत बसून तुम्ही नखं बघत होता. तुमच्या वतीनं हे जिवरामभाऊ बोलत होते. आज तुम्ही माझ्याशी भांडताय."

बाई हुशार आहे, हे मला आवडत नाही.

असे दिवस मधूनमधून येतील, म्हणाल्या. आधी ते येऊन राहायला लागायचे, आता येऊन जातील. एक गोळी बदलली. टिचकी थोडी जोरात करायचं मुंबईला ठरवतील. यायला लागले तर लगेच सांगायचं, या वेळी सांगितलं तसं. परत येताना एसटीत कंडक्टरनं सुटे नाहीत म्हणून तोंड वाकडं केलं, त्याला भुसावळपर्यंत सोडला नाही. नाना खिडकीतून बाहेर बघत हसत होते. ते दिवस गेले आहेत, मोहिनी. हे पत्र वाचशील तेव्हा मी बरी आहे.

पुढच्या वेळी एक ओळ लिहायची तर जरा लांब लिही.

आई


सावदा, ५ ऑगस्ट

अख्ख्या गल्लीला माहीत! दूधवाल्याला माहीत! भिकुबाईला माहीत, तिच्या सुनेला माहीत, सुनेच्या धुळ्याच्या बहिणीला तर आधीच माहीत. एक मला सोडून सगळ्यांना माहीत की माझी लेक पोटुशी आहे! आणि मला ते कोणी सांगितलं? कोणीच नाही सांगितलं. कानबाईला सांगितलं.

नीट सांगते, नाहीतर तुला वाटेल डोकं परत फिरलं.

या वर्षी श्रावणातली कानबाई माय आपल्या घरी बसवली. सहा वर्षं मी तिच्या रोटांना हात लावला नव्हता. रविवारी नानांनी घरातल्या पुरुषांची नावं घेऊन सव्वा-सव्वा मूठ गहू मोजले, मी दळून आणले, रोट केले, गंगाफळाची भाजी, खीर, सगळं एकटीनं. सोमवारी सकाळी कानबाई उठवून नदीवर न्यायची. गल्लीतल्या बाया जमल्या. भिकुबाई म्हणाली, "इंदिरे, तू म्हन वो गानं. तुह्या बिगर मजाच नही." मलाही म्हणावंसं वाटलं. ऐकलंस? मला वाटलं. चुंबक कपाटाला चिकटलेलं, घाईत कोण आणतं? म्हटलं अर्धा मिनिटाचं तर काम, मधल्या पाच मिनिटांत गाणं म्हणून घेऊ.

दाराबाहेर पडलो. कानबाई नानांच्या डोक्यावर, पुढं डफ, मी गाणं उचललं. दोन कडवी चांगली गेली. तिसऱ्याला टिचकी लागली आणि आवाज एकदम खाली गेला, जाड, घोगरा, बाप्या माणसासारखा. गाणं सोडवेना, म्हणून मी तशीच म्हणत राहिले.

डफ थांबला. कोणीतरी ओरडलं, "आली! माय आली!"

आणि बघता बघता कोणी माझ्या कपाळावर कुंकू थापलं, कोणी पायावर पाणी ओतलं, हातात लिंबाचा डहाळा दिला. मी म्हणते आहे, अगं थांबा, काय करता? पण ते सगळं त्याच घोगऱ्या आवाजात. तेवढ्यानं त्यांची आणखी खात्री पटली. कोपऱ्यावरच्या दुकानवालीनं पाय धरले, "माय, मह्या पोराचं लगीन कधी जमीन?" मी म्हटलं, "आधी त्याला कामाला लाव!" तिनं डोळे मिटून हात जोडले. आता तो पोरगा आज सकाळपासून केळीच्या ट्रकवर जायला लागला आहे.

अर्धा मिनिट झालं, आवाज मोकळा झाला. बाया म्हणाल्या, माय गेली. मी समजावून सांगायला लागले तर डफवाल्यांनी परत सुरू केलं, कोणी ऐकेना. सगळे नदीकडं निघाले. मारुतीच्या पारापाशी पोचतो तोच परत टिचकी. "परत आली!"

या वेळी भिकुबाई पुढं आली. रडत होती. माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "माय, दुसरं काही मांगत नही. आमच्या मोहिनीचं पोट सुखरूप उतरू दे. तिची माय आजारी, तिले सांगायची कोनाची छाती नही. पोरीचं बाळंतपन कोन करीन? तूच पाह्य आता."

काही बायांनी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं, इंदिराला ऐकू येत नाही, आत्ता ती इथं नाही.

मी नानांकडं बघितलं. डोक्यावर कानबाई, चेहरा चुन्यासारखा. तुझा फोन ते बागेत जाऊन घेतात आणि मला सांगतात, पाणी सुरू करत होतो. माझं मशीन तुझ्यापासून लपवलं, तुझं पोट माझ्यापासून लपवलं. दोघींचं एवढं पोटात ठेवून त्यांना जेवण कसं जात होतं कोण जाणे.

मी पदर बाजूला केला. मानेवरचा व्रण दाखवला, छातीवरची उंच जागा दाखवली. म्हटलं, "मी इंदिराच आहे. मला सगळं ऐकू येतं. अंगात देवी नाही, मशीन आहे. आता मला नीट सांगा, कितवा महिना?"

भिकुबाईनं वर बघितलं, नाक पुसलं, म्हणाली, "सहावा सरत आला." मग माझ्या छातीला हात लावून बघितला आणि म्हणाली, "असू दे वो. मायनंच धाडलं असीन हे मशीन."

मग आम्ही नदीवर गेलो. मी पाण्यात उभी राहिले आणि वाट बघितली की आता ते येईल. एवढं मोठं ऐकलं, आता भिंत येईल, छातीतून सगळं गळून जाईल. नाही आलं. राग आला. मग हसू आलं. मग रडू आलं, खरं, डोळ्यांतून पाणी येणारं. सहा वर्षांत ते आलं नव्हतं. नाना म्हणाले, "काही वाटतं का?" मी म्हटलं, "तुमच्याशी घरी गेल्यावर बोलते."

काल संध्याकाळी दुकानवाली परत आली, मागच्या दारानं. म्हणते, "इंदिराताई, मही बहीन सावखेड्याले राहते. दोन साल झाले, खाटेवरून उठत नही. त्या मशीनवाल्या डॉक्टरीनचं नाव काय?" मी म्हटलं, मशीन सगळ्यांना लागत नाही, बऱ्याच जणांचं गोळ्यांवर भागतं. आधी दाखवा तर. कागदावर पत्ता लिहून दिला. माझ्या हातानं.

तू आखाजीला का आली नाहीस ते आता कळलं. तिसरा महिना होता, एसटीचे धक्के. नाहीतर तेही कारण नसेल. ते तू सांग.


सावदा, ११ ऑगस्ट

तुझ्या सासूबाईंना मी फोन केला होता. तुला राग येईल, येऊ दे. त्या माणूस सरळ आहेत. म्हणाल्या, "तुम्हनी पोर बठ्ठं काम करस, फक्त घाबरस. बाकी काही नही शे." मी विचारलं, कशाला घाबरते? मग म्हणाल्या, "ती म्हनस, माय परत पडनी तं? नि मालेबी तसंच व्हयनं तं?"

तर या दोन गोष्टी. दोन्हींची उत्तरं देते. चारुलताबाईंना विचारून आले, मनानं लिहीत नाही.

पहिलं. मी परत पडणार नाही असं मी लिहून देत नाही. कोणीच देणार नाही. जूनमध्ये पडले होते, आठवड्यात उठले. मशीन चालू आहे, गोळ्या चालू आहेत. हेमामावशी पिंप्राळ्याहून दोन महिने येऊन राहायला तयार आहे, मी पडले तर ती तुझं करील आणि नाना माझं करतील. ओळखायचं कसं तेही सांगते. मी दिवसभरात कोणावर ओरडले नाही, दुसऱ्या दिवशीही ओरडले नाही, तर गाडी बोलवायची आणि मला जळगावला न्यायचं. एवढं तर तुलाही जमेल. मी ओरडते आहे तोवर तू निवांत झोप.

दुसरं. तुला होईलच असं नाही. पण बाळंतपणानंतर काही बायांना होतं, हे डॉक्टरबाईंनीच सांगितलं, आणि वेळेत कळलं तर लवकर बरं होतं. आता तू सांग, धुळ्याला कोण ओळखणार? हितेंद्रराव जावई म्हणून चांगले आहेत, पण त्यांना वाटेल झोप झाली नाही म्हणून असेल. सासूबाई म्हणतील पहिलटकरीण आहे. मला सहा वर्षं लोक आळशी म्हणाले. तू भिंतीकडं तोंड केलंस ना, मोहिनी, तर तो पहिला दिवस असेल आणि मी ओळखीन. तुला भूक नाही म्हणून जेवत नाहीस की तोंडाला चवच नाही, ते मला ताटावरून कळेल. या घरात दुसऱ्या कोणाला ते कळत नाही आणि तुझ्या घरातही कळत नाही. मला कळतं. ते कसं कळलं, त्याची किंमत आपण दोघींनी दिली आहे, तर निदान उपयोगात तरी येऊ दे.

तू माझ्या उशाशी बसलीस ती वर्षं मी परत करू शकत नाही. तुझ्या उशाशी बसू शकते.

तुझ्यावर उपकार करते असं नाही. मला करायचं आहे. मला बाळाला तेल लावायचं आहे, माझ्या घोगऱ्या आवाजात गाणं म्हणायचं आहे. घाबरलं तर घाबरू दे, सवय होईल त्याला.

आता कामाचं बोलते. बाळंतिणीची बाज विणायची आहे. जुन्या बाजेची सुतळी कुजली आहे, तू तिच्यावरच झाली होतीस. उखर्डू म्हातारा विणून देतो, पण पोळा झाला की तो लेकाकडं रावेरला जातो आणि दिवाळीपर्यंत परत येत नाही. त्याला हो सांगू की नाही? डिंक, खारका, अळीव आणायचे की नाही? सातवा लागला की तुला इकडं आणायला नाना आणि हितेंद्रराव मिळून गाडी करतील, धक्के बसणार नाहीत, ते मी त्यांच्याशी ठरवलं आहे. हितेंद्ररावांनी मला एकच सांगितलं, "तिचं ती ठरवील, आई." बरोबर आहे. म्हणून तुला विचारते आहे.

नाही असेल तर नाही लिही. मी मोडून पडणार नाही, फक्त भांडेन. पण तू लिही. नानांच्या फोनवर नको, माझा नंबर उघड आणि मला सांग. बोलताना माझा आवाज गेला तर घाबरून फोन ठेवू नकोस. अर्धा मिनिट थांब. परत येतो.

पोळ्याच्या संध्याकाळपर्यंत मला कळव, बैल ओवाळून होईपर्यंत. मशीनसाठी मी वर्षभर थांबले, तुझ्यासाठी पोळ्यापर्यंत थांबते. त्यानंतर एक दिवस थांबणार नाही, उखर्डूला घेऊन तिथंच येईन आणि तुझ्या ओट्यावर बाज विणायला बसवीन.

तुला आणि पोटातल्याला आशीर्वाद. राग आहेच.

तुझी आई,
इंदिरा